बसक्या नाकाचा मास्क

हॉस्पिटलात आया म्हणून काम करणाऱ्यांमध्ये डोंगरापलीकडून आलेल्या दोघीच. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला बडबडी. सख्ख्या नव्हेत, पण एका खोलीत राहून सख्ख्यांसारख्याच भांडत. साथ आली आणि वॉर्ड त्यांच्याच लोकांनी भरू लागला. दाटीवाटीने राहणारी, साऱ्या शहराची पडेल ती कामं करणारी माणसं ती. आजारी पडायला आणखी काय लागतं? मरतही तीच जास्त होती. त्यांतल्या म्हाताऱ्यांना इथली भाषा येत नव्हती, म्हणून या दोघींना आत पाठवायचं ठरलं.

आधी मास्कची परीक्षा. मास्क चढवायचा, डोक्यावर प्लास्टिकचा टोप घालायचा आणि आत कडू फवारा मारायचा. चव कळली तर मास्कमधून हवा शिरतेय. मास्क बनवणाऱ्यांनी नाकं पाहिली होती ती सगळी सरळ, धारदार. थोरलीचं नाक बसकं, तिच्या अख्ख्या गावासारखं.

"कडू लागतंय," ती म्हणाली.

"मावशी, जरा घट्ट दाबा. बाकीच्यांना बसतो की," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

"मग बाकीच्यांचं नाकही द्या मला."

लहान मास्क मागवते, असं सांगून सिस्टरनी तिला तोवर लाँड्रीत धाडलं. बडबडीचं नाक तर आणखी चपटं. तरी ती म्हणाली, "मला काहीच लागत नाही," आणि आत गेली.

तिची राहायची सोय हॉस्पिटलातच झाली. खोलीत थोरली एकटी उरली. शेजारच्या, त्यांच्याच मुलखातल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आपली माणसं तिकडे मरतायत आणि ही चादरी धुतेय! थोरली जेवताना बडबडीला फोन लावायची आणि भांडायची. "जीव नकोसा झालाय का गं तुला?" दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. मग एक दिवस फोन कुणी उचललाच नाही.

लहान मास्क आले ते बडबडी खाटेला खिळल्यावर. या खेपेला थोरलीला कडू लागलं नाही. ती तडक आत गेली.

"खोटं का बोललीस?"

बडबडीला धाप लागली होती. "तुला कडू लागलं, ते मी दाराबाहेर ऐकलं. मलाही लागलं असतं, तर यांच्याशी बोलायला कोण आलं असतं?"

थोरलीला रागवायचं होतं, जमलं नाही. आपण खरं बोललो यात काय चुकलं, ते तिला कळेना आणि तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बडबडी गेली. तिची खाट थोरलीनेच पुसली.

पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी डोळे किलकिले केले. "पोरी, ती सारखी बोलणारी कुठे गेली?" त्यांनी आपल्या भाषेत विचारलं.

"तिला सुट्टी दिली, आजोबा."

"बरं झालं. फार दमली होती. आता तू बोल."

थोरलीने स्टूल ओढलं. आजवर दोघींच्या वाटचं बडबडीच बोलत आली होती.