पोट्टी युनिव्हर्सिटीत हाय

मेडशीच्या बसथांब्यावर गेली काही वर्षं एक वाक्य उभं आहे. माणसं येतात, एसटीत बसून निघून जातात, वाक्य मात्र तिथंच असतं. "त्याची पोट्टी पुण्यात युनिव्हर्सिटीत हाय." हे म्हणताना माणसाचा आवाज खाली येतो आणि भुवया वर जातात. काय म्हणून आहे, हे कोणी विचारत नाही. डॉक्टर दवाखान्यात असतो, मास्तर शाळेत असतो, मग युनिव्हर्सिटीत असलेली मुलगी प्रोफेसरच असणार. तिचे वडील म्हणजे माझ्या भाऊजींचे, बहिणीच्या नवऱ्याचे, शाळेतले सोबती. सोयाबीन-तुरीची थोडीशी शेती, मोठं मन, आणि त्या मनात मावत नाही एवढी ही मुलगी. लोक तिला प्रोफेसर म्हणतात तेव्हा ते फक्त उपरण्याने मान पुसतात. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

मागल्या वर्षी विहारात गुणवंत मुलांचा सत्कार झाला, तेव्हा ती पाहुणी म्हणून आली होती. उन्हाने पत्रे तापलेले, आम्ही बायका पदराने वारा घेतोय, आणि ही काळ्या कोटात. कोट काढला असता तर निम्मं भाषण वितळलं असतं, अशी चापूनचोपून उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही काय शिकता यापेक्षा कुठे शिकता हे महत्त्वाचं आहे." माझी भाची, म्हणजे बहिणीची थोरली, पहिल्या रांगेत बसली होती. तिने तोंडातला पेढा चावायचं थांबवलं. मी ते पाहिलं आणि बहिणीला कोपराने ढोसलं. म्हटलं, गेली ही.

आणि खरंच गेली. वर्षभर तिच्या मोबाईलच्या पडद्यावर त्या विद्यापीठाची काचेची इमारत होती. यंदा बारावी आणि सीईटी झाली, पहिल्या फेरीत तिला अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. दुसऱ्या कोणाच्या घरी त्या दिवशी बासुंदी झाली असती. आमच्या घरी सुतक. भाची म्हणाली, "अमरावतीले तं आपण लग्नाचा बस्ता बांधाले जातो." जिथे साड्या घेतल्या तिथे मोठं होता येत नाही, असा तिचा सिद्धांत होता. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांना आतून पुणंच हवं होतं, कारण मेडशीच्या थांब्यावर दुसरं एक वाक्य उभं राहावं असं त्यांनाही वाटत होतं. त्यासाठी घराचा वरचा मजला बांधायचा राहिला तरी चालणार होतं. बहीण एकटी अमरावतीच्या बाजूने. ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सीट फ्रीज, म्हणजे पक्की, केली नाही, तर अमरावती हातची जाणार होती. माझ्या आईने हे ऐकलं आणि विचारलं, "सीट फ्रीजमदी कायले ठेवता? बाहेर काय नासते?" कोणी हसलं नाही, यावरून घरातल्या हवेची कल्पना यावी.

शेवटी तोड निघाली. शेवटच्या दिवशी सकाळी पुण्याला पोचायचं, डोळ्यांनी पाहायचं, आणि तिथेच ठरवायचं. मी मालेगावच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर माणसं ओळखण्याचंच काम, म्हणून मला सोबत घेतलं. ट्रॅव्हल्समध्ये भाऊजी मला म्हणाले, "तुमी पारख करजा. बैल घ्याचा म्हणजे गाडीले जुंपून पाहा लागते."

विद्यापीठाच्या फाटकाशीच भाऊजींनी चप्पल झटकली, जणू देवळात चाललोय. आत बॅटरीची गाडी, गाडीत एक हसरा मुलगा, आणि हिरवळ अशी की आमच्याकडच्या म्हशीने पाहिली असती तर तिनेही ॲडमिशन घेतली असती. स्वागतकक्षाच्या भिंतीवर मानपत्रांच्या चौकटी होत्या. मी चष्मा लावून एकेक वाचली. पश्चिम भारतातल्या, खासगी, उदयोन्मुख, अमुक वर्षांनंतर स्थापन झालेल्या विद्यापीठांमध्ये हे पहिल्या पाचात होतं. मी भाचीला म्हटलं, आपल्या गल्लीत, डाव्या हाताच्या घरांत, पन्नाशीच्या आतल्या चष्मेवाल्या बायकांत मीच सगळ्यांत देखणी आहे. तिने मला दूर सरकायला सांगितलं.

भाऊजींनी वर्गात बसून एखादा तास पाहू द्या म्हणून धोशा लावला. हसरा मुलगा म्हणाला, पॉलिसीत बसत नाही. पण जाताना दारांच्या काचांतून दिसायचं ते दिसलंच. एका वर्गात मॅडम पडद्यावरचं वाचत होत्या आणि मुलं मांडीवरचं. दुसऱ्या वर्गात कोणीच नव्हतं, एसी मात्र मन लावून चालू होता. मी मनात निकाल लिहायला घेतला आणि तेवढ्यात तिसरं दार आलं. आत एक पिकल्या केसांचे सर शर्टाच्या बाह्या वर करून एका यंत्रावर ओणवे झाले होते, भोवती मुलं डोक्याला डोकं लावून. यंत्र अडलं होतं. सरांनी हात मागे बांधले आणि एका मुलीला म्हटलं, तू सांग, तू काय केलं असतंस? ती चुकली. सर इतके खूश झाले की विचारू नका. म्हणाले, वा, आता कळेल का चुकतं ते. माझी भाची काचेला नाक लावून उभी राहिली, तिच्या श्वासाने काच धुरकटली. हसऱ्या मुलाने दोनदा बोलावलं तरी ती हलेना. मी लिहायला घेतलेला निकाल तिथेच अर्धा राहिला.

मग मेडशीच्या मॅडमना भेटायचं म्हटलं. भाऊजींनी अभिमानाने विचारलं, कोणत्या डिपार्टमेंटले शिकवते ती? हसऱ्या मुलाने वहीत पाहिलं आणि आम्हाला तळमजल्यावर नेलं. दारावर पाटी होती, प्रवेश समुपदेशन. आत लांबलचक खोली, लाकडी खणाखणांत तरुण मुलंमुली, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. कोणी गुजराती बोलत होतं, कोणी हिंदी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज. आणि एका खणात पाठमोरी ती. तिच्या खणावर चिकटवलं होतं, विदर्भ.

ती फोनवर बोलत होती. "काकू, तुमी काहून घाबरून राह्यल्या? मी आपल्या मेडशीची आहो ना. तुमच्या पोट्टीले मी बहिणीवानी पाहीन. तिले उद्याच घिऊन याजा."

मला आधी बरं वाटलं. पुण्यात इतक्या वर्षांनीही पोरीने बोली सांभाळली, असं वाटलं. पण आयुष्यभर लोकांच्या नकला केल्यामुळे माझ्या कानाला एक खोड आहे. त्या वऱ्हाडीत ठसका जरा जास्त होता. आम्ही मेडशीला बोलतो त्याहून जास्त. आमचा माणूस पुण्याला गेला की दोन महिन्यांत 'ले'चा 'ला' करतो. ही पोरगी 'ला'चा 'ले' करून राह्यली होती. दुसरा फोन लागला, माणूस नाशिककडचा असावा, तर ती लगेच स्वच्छ पुणेरी. तिसरा यवतमाळचा, पुन्हा काकू, पुन्हा आपली माणसं. तिला तिथे बसवलं होतं ते आमच्या भाषेसाठी. आमची भाषा तिथे कामाला लागली होती.

भाऊजी पाहत होते. मास्तरांना कळायला वेळ लागत नाही, मान्य करायला लागतो. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

आम्हाला पाहून ती गडबडली, मग उठून पाया पडली, मग आम्हाला कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. तिला जेवायला अर्ध्या तासाची सुट्टी होती. तिथल्या भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते, त्यात तिचाही होता, त्याच काळ्या कोटात. खाली लिहिलं होतं, नामांकित शिक्षणसमूहात निवड. समूह कोणता ते लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती.

तिने सांगितलं ते असं. इथूनच इंजिनिअर झाली. वर्गातल्या काहींना चांगल्या नोकऱ्या लागल्या, ज्यांचे काका-मामा पुण्यात होते त्यांना आणखी चांगल्या. तिला वर्षभर काही मिळेना, गावी परत जायची लाज वाटत होती, तेव्हा यांनीच बोलावलं. ते पिकल्या केसांचे सर तिलाही होते. त्यांच्याबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळला. तसे ते एकच आहेत, म्हणाली, आणि पुढल्या वर्षी रिटायर होतात.

भाचीने ताटातली बोटं उचलली. "ताई, मंग मी येऊ का नको?"

शेजारच्या टेबलावर तिचा साहेब येऊन बसला होता. ती त्याच्याकडे पाहून हसली, पाण्याचा ग्लास सरळ केला आणि विचारलं, "तुले सरकारी भेटलं ना?"

"अमरावती."

"मले नोतं भेटलं," ती म्हणाली.

एवढंच. विहारातल्या भाषणापासून त्या दिवसाच्या फोनपर्यंत या मुलीने जे काही सांगितलं होतं, त्यात हे एकच वाक्य तिने कोणाला पटवायला म्हटलेलं नव्हतं. त्यात ठसका नव्हता, गोडवा नव्हता. मला कळेना, तिने त्या विद्यापीठाची लाज काढली की बाजू घेतली. ज्या दिवशी दुसरं एकही दार उघडं नव्हतं, त्या दिवशी हे उघडं होतं, हेही खरंच होतं. आणि दार उघडून आत घेतलं ते पुढे अशा खणात बसवायला, हेही. नावाला शोभेल असं तिथे काय आहे, म्हणून मला कोणी विचारलं, तर मी त्या सरांकडे बोट दाखवीन. पण एका माणसाच्या बाह्यांवर एवढी काच उभी राहते का?

निघताना तिने माझा हात धरला. "मावशी, गावात नका सांगजा. बाबा..." सुट्टी संपली होती. तिने हेडफोन गळ्यातून कानावर चढवला.

परतीच्या बसमध्ये, उन्हं असतानाच, भाचीने मोबाईल काढून अमरावतीची सीट पक्की केली. बापाला विचारलं नाही. बापानेही खिडकीतून नजर काढली नाही.

घरी मात्र कारण विचारणारे जमले. गेल्या पावली परत आली म्हणजे काहीतरी झालं असणार. मी तोंड उघडायच्या आत भाचीच म्हणाली, "मले तिथलं जेवण नाई आवडलं." मग काय विचारता. काका म्हणाला, भाजीत मीठ पाहून कॉलेज ठरवणारी इंजिनिअर पहिल्यांदाच पाहिली. चुलत भाऊ म्हणाला, हिले झेपलं नाई, जेवणाचं नाव करते. ती सगळं ऐकून घेत खाली मान घालून लसूण सोलत राहिली. तिचे कान लाल झाले होते, पण पुण्यातल्या त्या मुलीचं नाव तिने तोंडातून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. भाऊजींनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

"भेटली का माही पोट्टी? तास गीस चालू असन तिचा."

मी म्हटलं, भेटली. म्हटलं, दिवसभर बोलते, लय लोक ऐकतात तिचं. यात खोटं काहीच नव्हतं.

"अन् तुमच्या पोट्टीचं काय ठरलं? कधी जाते पुण्याले?"

"नाई जात. अमरावतीले घेतलं."

"बरं केलं," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. रागाचं नव्हतं, नाराजीचं नव्हतं. किती दिवसांपासून ते शब्द तोंडात तयार ठेवून बसले होते, कोण जाणे.

पलीकडे थांब्यावरचा गलबला ऐकू येत होता. एसटी सुटत असावी. मग ते जरा आवाज चोरून म्हणाले, "वाळली तं नाई ना पोरगी? जेवली तुमच्यासंग?"

कॅन्टीनमध्ये तिने ताट तसंच पुढे सारलं होतं, ते मी पाहिलं होतं.

"पोटभर जेवली," मी म्हटलं.