आंडीजचा मेंढपाळ
कपाट आवरताना कडेला भोकं असलेला, पिवळा पडलेला प्रिंटरचा कागद हाती आला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत झालेली वक्तृत्व स्पर्धा आठवून मी तिथेच खाली बसलो. 'इंटरनेटमुळे प्रतिभावंतांचं नवं युग येईल काय?' असा विषय होता. उंब्रजची माझी पुतणी पहिल्यांदाच शाळेबाहेर बोलणार होती आणि भाषण मी स्वतः लिहून देतो, असं मी घरात छाती फुगवून सांगितलं होतं. प्रत्यक्षात विश्रामबागच्या नेट कॅफेत, उदबत्तीच्या धुरात आणि मोडेमच्या किंचाळण्यात तासभर बसून मी एक इंग्रजी पान छापून घेतलं, त्याचं मराठी केलं आणि 'आंडीज पर्वतातला मेंढपाळही आता मोठा गणिती होईल' हे वाक्य पोरीकडून हातवाऱ्यांसकट घोटून घेतलं. स्पर्धेत पहिल्याच मुलाने तो मेंढपाळ आणला, दुसरीनेही आणला. सगळ्यांच्या काकांना तेच पान सापडलेलं दिसत होतं. पाचव्याला परीक्षक म्हणाले, "मेंढपाळ राहू दे, पुढचं बोल." सातवी आमची, तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पाठ केलेलं सगळं न चुकता म्हटलं आणि सभागृह हसलं. परतीच्या एसटीत कराड सुटल्यावर ती म्हणाली, "काका, आपल्या माण तालुक्यात लय मेंढरं हायती. तिथला कुणी दिसला न्हाई व्हय तुमाला?" मी झोपेचं सोंग घेतलं. आता ती स्वतःची भाषणं स्वतः लिहिते. मी मात्र प्रतिभावंतांच्या त्या युगाची वाट बघून दमलोय. परवा धाकट्या मुलीने निबंधाला मदत मागितली, तेव्हाही माझा हात आधी फोनकडेच गेला.