एक ई जास्त

सव्वीस साली मी रत्नागिरीहून मॅट्रिक होऊन पालीला परतलो आणि महिन्याभरातच माझ्या इंग्रजीनं घोड्यांना जात लावली.

आमचे भागोजीकाका चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला, सरकारी घोडखात्यात होते. मुंबईहून बोटीनं आलेले घोडे उतरवून घ्यायचे, पलटणींना वाटायचे, निकामी ते वेगळे काढायचे. निकामी घोड्याला खात्यात 'कास्ट' म्हणत. दात बघून वय सांगावं ते काकांनीच. लढाई संपली नि हुकूम आला, बारा वर्षांवरचे सगळे कास्ट करा. त्यातले काही लिलावात जात, बाकीच्यांना गोळी.

"चारशे सतरा नंबरची घोडी होती माझी," काका म्हणाले. "दात तेरा वर्षांचे. कारकून म्हणाला, अकरा सांगा. मी मेला खरं सांगून बसलो. त्या सकाळी तिनं सवयीनं माझ्या खिशात तोंड घातलं. गूळ नव्हता. म्हटलं, उद्या देतो. विकली का मारली, तेवढं इचार."

मी झोकात अर्ज लिहिला. कास्टच्या शेवटी एक ई जास्त पडला आणि नंबर राहिलाच. उत्तर आलं: घोड्यांच्या जातींची नोंद हे खाते ठेवत नाही, नंबर कळवावा.

बाजारात लवू वाणी ओरडला, "काय भागोजी, घोडीला स्थळ बघतोस?"

"अरे बालिष्टरा," काका मला म्हणाले, "माणसांना जाती हायत त्या पुरल्या नाय?" पण दुसऱ्या अर्जाचं तिकीट त्यांनीच आणलं.

शिमग्याच्या तोंडावर उत्तर आलं. विकली असेल तर नाक्यावरच्या टांग्याच्या घोड्याला द्यायचा म्हणून काका गुळाचा खडा पुडीत बांधून घेऊनच पोस्टात आले होते. चारशे सतराच्या पुढं एकच शब्द होता.

"विकली, काका. लिलावात," मी म्हणालो.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्या शब्दावर नख टेकवत एकेक अक्षर मोजलं.

"विकलीची चार असतात रे. त्या याद्या माझ्याच हातात असायच्या. ही नऊ हायत."

कागदावर 'डिस्ट्रॉइड' होतं.

नाक्यावर टांगा उभा होता. काका घोड्यापुढं थांबले. त्यानं मान पुढं केली. काकांनी पुडी काढली, जरा वेळ तशीच धरली आणि परत खिशात टाकली.

"तिचा हाय ह्यो," म्हणाले आणि घराकडे वळले.