उसन्या गोळ्या

अक्काला हळू बोलणं म्हणून जमायचं नाही. पहिल्यांदा ती मला भेटली सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरच्या रांगेत. एचआयव्हीच्या गोळ्या तिथं मिळतात. ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. मागून आवाज आला, "पावणं, हेल्मेट काढा की! हितं कोण अंगावर गाडी घालत न्हाय." सगळी रांग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण किती तरी दिवसांनी मीही हसलो.

अक्का पेठ वडगावची. नवरा त्याच आजारानं गेल्यावर रोज एसटीनं कोल्हापुरात येऊन भाजी विकायची. मी कापड दुकानात सेल्समन. गोळीच्या बाबतीत बाई भारी कडक. रात्री जेवण झालं की माझा फोन वाजायचा. "गिळलीस?" बस, एवढंच. 'घेतो नंतर' म्हटलं की खवळायची. "नंतर न्हाय, आत्ता! आतलं जनावर गोळीनं झोपतंय. सारखी चुकाय लागली की उठतंय, आन् मग त्या गोळीला दाद देत न्हाय." मी फोन कानाला लावूनच गोळी गिळायचो.

आणि असल्या बाईशी मी काय वागलो! आमच्या मालकाचा मेहुणा त्याच दवाखान्यात कामाला लागला आणि मला रांगेची धास्तीच बसली. बाटली रिकामी झाली तरी आज जाऊ, उद्या जाऊ करायचो. मग संध्याकाळी अक्कापुढं हजर. "अक्का, आठवडाभराच्या गोळ्या दे की उसन्या." शेजारी विरजण मागावं तसं! आमची दोघांची गोळी एकच होती. ती चार शिव्या घालायची आणि कोथिंबिरीच्या जुडीत कागदाची पुडी खोचून द्यायची. "ने. माझ्याजवळ हाईत जादा."

जादा कुठून असणार? तिलाही माझ्याइतक्याच मिळायच्या. एवढं साधं गणित. मला करायचंच नव्हतं. गोळ्या आणल्यावर एकदा-दोनदा तिच्या परत दिल्या, पुढं तेही विसरलो. दोन वर्षं असंच चाललं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग अक्का वाळायला लागली. खोकला हटेना. तपासणीत निघालं, की जुन्या गोळ्या तिला लागूच पडत नाहीत, वर टीबीही झालाय. वडगावला भेटायला गेलो आणि बसल्या बसल्या रडायलाच लागलो. "अक्का, माझ्यामुळं झालं गं हे."

"गप. तू नवा हुतास, भ्यालेला. मला वाटलं, आपलं हाड मुरलंय, चार दिसानं काय हुतंय?" मग धाप लागेपर्यंत हसली. "आता मात्र मागाय येऊ नगंस. माझी गोळी बदलली. तुला चालत न्हाय."

नव्या गोळ्यांना फार वेळ मिळाला नाही. दिवाळीच्या आधी अक्का गेली. दुकानात गर्दी होती, मला मातीलाही जाता आलं नाही. 'माझी बहीण गेली' एवढं तरी मालकाला सांगून सुट्टी मागता आली असती. तेही तोंडातून निघालं नाही.

पुढं माझा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. सेंटरमधल्या मॅडम खूश झाल्या. "शाब्बास! एकही गोळी चुकवली नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

खरंच चुकली नव्हती. चुकल्या त्या अक्काच्या.