उजवीकडनं उघडलेलं नाव

…अगं नाही, लग्नाचे अल्बम करणारा तो वेगळा. हा गिरीराज. कोरमंगलाच्या जुन्या गावात, नोकरीची पोरं भाड्यानं राहतात त्या पीजीच्या खाली ज्याचं फोटोचं दुकान होतं तो. तू लिही ईरा, मी सांगते तसंच लिही, मध्ये सुधारत बसू नकोस.

तर त्याचं काम काय, लोकांचे फोटो कॉम्प्युटरवर एकामागनं एक लावायचे, त्याला गाणं जोडायचं, आणि सगळ्यात आधी नाव. कुणाचं लग्न, कुणाची साठी, कुणाचं तेरावं. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पांढरा पडदा आहे ना, त्यावर ते दाखवायचे. वर कन्नडात नाव, खाली मराठीत.

नाव एकदम धपकन येऊन उभं राहिलेलं त्याला खपायचं नाही. म्हणायचा, माणूस दारातनं आत येतो तसं नाव आलं पाहिजे, एक एक पाऊल. म्हणून तो अक्षरांवर काळा कागद झाकल्यासारखं करायचा आणि तो कागद हळूच बाजूला सरकवायचा. त्याला वाइप म्हणतात. पाटीवर ओलं फडकं फिरवलं की अक्षर जातं बघ, इथं फडकं फिरतं आणि अक्षर उमटतं. एवढंच. झगमग नाही, चांदण्या नाहीत.

आणि त्यात त्यानं आपली एक रीत घातली. लग्न, बारसं, साठी असली तर नाव डावीकडनं उघडायचं. गेलेल्या माणसाचं उजवीकडनं. श्राद्धाला भटजी जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला लावतात, सगळं उलट करायला लावतात, तसं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या वडिलांच्या तेराव्याला त्यानं पहिल्यांदा तसं केलं. आधी आडनाव दिसलं, आणि वडिलांचं नाव सगळ्यात शेवटी, हळू. बायका डोळ्याला पदर लावून बसल्या. मग तीच रीत पडली. पंधरा वर्षांत हॉलमधल्या पोरांनासुद्धा कळायला लागलं, की उजवीकडनं नाव निघालं म्हणजे खुर्ची वाजवायची नाही, गप्प बसायचं.

त्याची बायको शालन चेष्टा करायची. "अहो, देवाला तरी कळतं का तुमचं डावं-उजवं?"

"देवाचं राहू दे," तो म्हणायचा. "मंडळाला कळतं."

पुढं हातोहाती स्मार्टफोन आले. पलीकडच्या एचएसआर वस्तीतली पोरं बसल्या बसल्या बोटानं सगळं करायला लागली. बारशाची कामं गेली, लग्नाची गेली. राहिला तो एक हॉल. मंडळ म्हणायचं, आपल्याकडं गिरीराजच करणार. हॉल आहे तोवर दुकान आहे, असं तो शालनला रोज सांगायचा, आणि ती रोज म्हणायची, सरी, बरं, आता जेवा.

मग अप्पासाहेबांची साठी आली. मंडळाचे अध्यक्ष ते, त्यांची साठी म्हणजे सगळं गाव. त्यांची मुलगी पवित्रा ऑफिसच्या गडबडीत, तिनं फोटो पाठवले ते त्याच दिवशी सकाळी आठला. दाखवायचे अकराला. आदल्या दिवशी गिरीराजनं मंडळातल्या नागराजच्या वडिलांचं तेराव्याचं काम केलं होतं, ते कॉम्प्युटरवर तसंच उघडं होतं. कोऱ्यापासनं सुरू करायला वेळ कुठला? त्यानं त्यातलेच फोटो काढले, नवे घातले. गाणं बदललं. पांढरी अक्षरं कुंकवासारखी लाल केली. नाव दोन्ही भाषांत बदललं. नाव कुठनं उघडतं, तेवढं बदलायचं राहिलं. थांबलेलं नाव बघितलं तर त्यात चूक दिसत नाही ना, पुरतं असतं ते. रिक्षावाला बाहेर हॉर्न देत होता, म्हणून त्यानं तपासलं ते पहिल्या फोटोपासनं. नावापासनं नाही.

हॉलमध्ये तर तुला माहीत आहे, साठीला नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात. अप्पासाहेबांनी राजलक्ष्मीअक्काच्या गळ्यात मंगळसूत्र बांधून अर्धा तास झाला नसेल. हार तसेच. दिवे मालवले, पडद्यावर लाल अक्षर निघालं, आणि निघालं ते उजव्या टोकाकडनं. आधी 'ब'. मग 'हे'. मग 'सा'.

गिरीराज दाराजवळ कॉम्प्युटरपाशी उभा. त्यानं पडद्याकडं नंतर बघितलं. आधी त्याला ऐकू आलं, की खुर्च्या वाजायच्या थांबल्या. अख्खा हॉल गप्प, शिकवल्यासारखा. एक बटण दाबलं असतं तर थांबलं असतं, पण त्याचा हात उचलेना. नाव आपलं सावकाश उघडत राहिलं, त्यानंच ठरवलेल्या चालीनं.

अप्पासाहेब हसले गं. माइकवर म्हणाले, "अरे गिरी, मला जेवू तरी दे." दोघं-चौघं हसले. राजलक्ष्मीअक्कानं मंगळसूत्र मुठीत धरलं, उठली आणि आत गेली. पानं वाढून झाली तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरीराज सगळं नीट करून त्यांच्या घरी गेला. दारात अक्काच उभी. म्हणाली, ते घरात आणू नकोस. तो म्हणाला, अक्का, घाईत झालं, पाया पडतो. तिचा आवाज चढला नाही बघ, तेच वाईट.

"तुझ्या हातात दोनच गोष्टी होत्या, गिरीराज. डावं आणि उजवं."

अप्पासाहेब मागं उभे होते. चष्मा काढून पुसत राहिले. त्या महिन्यात मंडळानं ठरवलं, इथनं पुढं पवित्राच फोनवर करेल.

शालननं त्याला घरात विचारलं, बाहेरचं माणूस असतं तर त्याला काय दिसलं असतं? तुम्हीच शिकवलंत म्हणून त्यांना कळलं. खरंच होतं ते.

चार महिन्यांनी संध्याअक्का गेली, हॉलच्या स्वयंपाकात वर्षानुवर्षं राबलेली. तिच्या तेराव्याला गिरीराज शेवटच्या रांगेत बसला. पवित्रानं फोन जोडला. संध्याअक्काचं नाव आलं ते डावीकडनं, सोनेरी चांदण्या उडवत, आणि शेवटी छोटीशी उडी मारून उभं राहिलं.

गिरीराजनं पडद्याकडं बघायचं सोडलं, तो माणसांकडं बघायला लागला. तीच माणसं, त्याच खुर्च्या. आता कुणीतरी चुकचुकेल, कुणीतरी मान वळवेल म्हणून तो वाट बघत होता. पोरं खुर्च्या सरकवत होती. एकानं ताक कुठं आहे म्हणून विचारलं. राजलक्ष्मीअक्का पहिल्या रांगेत, फोटो बघून डोळे पुसत होती. नाव कसं आलं ते तिलाही दिसलं नाही. चार महिने, ईरा. पंधरा वर्षांची रीत, ती त्याला बुडवण्यापुरतीच जिवंत होती.

तेराव्याचं जेवण टाळू नये म्हणतात, तो न जेवता उठून आला.

दुकान बंद झालं. पीजीच्या मालकानं तिथं कपडे धुवायची मशीन ठेवली. गिरीराज आता इंदिरानगरात एका ऑफिसच्या दारात बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोटो काढतो आणि कार्ड देतो. नाव मशीनच छापतं, एकदम. शालन म्हणते, घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडतात. टीव्ही लावू देत नाहीत. मुलगी बोलायला गेली तर हो-नाही एवढंच. मी दोनदा जाऊन आले, मलाही चहा घे म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कुणी मंडळातलं असेल तर पवित्राला एवढं सांगा. फोनमध्ये उजवीकडनं नाव उघडायची सोय कुठंतरी असणारच. गेलेल्या माणसाला तेवढी लाव, म्हणावं. कुणी सांगितलं असं तिनं विचारलं, तर माझं नाव घ्या, गिरीराजचं घेऊ नका. त्याचं घेतलंत तर ती करायची नाही.