अर्धी ट्यूब

लॅबच्या रिपोर्टवर सहा औषधांची नावे होती. पाचांपुढे ‘आर’ होते. आर म्हणजे रेझिस्टंट. त्या औषधाला जंतू दाद देत नाही. सहावे औषध माणसांसाठी राखून ठेवायचे असते. ते मी गाईला देणार नव्हतो.

गाय पाबळच्या आप्पांची. चांदणी. त्यांच्या सुनेने, कमलने, वासरापासून वाढवलेली. तिला दगडी झाली होती, म्हणजे कासेला सूज आणि दुधात गाठी. कारण स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू. तो इतर चार गाईंत पसरला असता, तर चांदणीला गोठ्यातून काढा, असे मलाच सांगावे लागले असते.

“म्हंजी औषधच न्हाई?” आप्पांनी विचारले. “ट्यूबी तर बरोबर सोडल्या. अर्धी ह्या सडात, अर्धी त्या सडात.”

“ट्यूबवर लिहिलंय, एका सडाला एक,” कमल बादली विसळत म्हणाली. “मी वाचून दाखवलं व्हतं.”

“डॉक्टरनं सोता दाखवल्यावर खोकं कशाला वाचायचं?”

आप्पा खोटे बोलत नव्हते. काही वर्षांपूर्वी एकदा दुकानात सडात सोडायच्या प्रतिजैविकाच्या ट्यूब संपल्या होत्या आणि याच गोठ्यातल्या एका गाईचे दोन सड सुजले होते. मी एक ट्यूब दोन्हींत विभागली. ती एका दिवसाची तडजोड होती. पुढे तिची पद्धत झाली. मला दिसत होते, आणि मी बोललो नाही.

“चूक माझी आहे, आप्पा,” मी म्हणालो. “अर्ध्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. शिवाय औषध पचवण्याची जनुके कधीकधी सुट्या तुकड्यांवर असतात. ते तुकडे एका जंतूतून शेजारच्या जंतूत जातात. कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूकडूनही रोगाच्या जंतूला ते मिळू शकतात. एकाच ट्यूबचे टोक दोन सडांत घातले, की त्यांची गाठ आपणच घालून देतो.”

चांदणीच्या कासेत नेमके हेच घडले, असे रिपोर्ट म्हणत नाही. घडण्याची सोय मात्र मी केली होती.

आप्पा म्हणाले, “तवाच सांगायचं की वो.”

इतर चार गाईंचे दूध तपासले. ते स्वच्छ निघाले. चांदणीच्या ज्या सडात जंतू उरला होता, तो मी कायमचा बंद केला. कमल आता तिची धार सर्वांत शेवटी काढते, हातमोजे घालून. गाय तीन सडांवर आहे, पण गोठ्यात आहे.

त्यानंतर मी माझे जुने गोठे फिरू लागलो. दौंडकडे भांडगावला एका अनोळखी गोठ्यात चहाला थांबलो. मालक शेजाऱ्याला समजावत होते, “अर्धी-अर्धी सोडायची. पाबळकडच्या एका डॉक्टरची पद्धत हाय, पावण्यांनी सांगितली.”

तो डॉक्टर मीच, हे सांगायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

आता प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो: एका सडाला एक पूर्ण ट्यूब. सल्ला द्यायला एक फेरी पुरली होती. तो परत घ्यायच्या फेऱ्या अजून चालू आहेत.