एकसष्ट वस्तूंचं दान

मार्च महिन्याचा दुसरा रविवार, रक्कम अडतीस हजार सहाशे चाळीस रुपये, आणि हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि टेम्पोवाला. रक्कम रोख नव्हती. आमच्या घरातल्या एकसष्ट जुन्या वस्तूंची ती किंमत होती, आणि ती मी स्वतः काढली होती.

मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली. तोवर भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहायचं, म्हणजे निम्मं सामान काढायला हवं. सुनंदाने मानखुर्दची एक संस्था शोधून काढली. नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह चालवतात, भांडीकुंडी चालतील म्हणाले. मी लगेच विचारलं, आयकरात सवलत मिळेल अशी पावती देतात का? सुनंदा म्हणाली, देतात वाटतं. त्या ‘वाटतं’वर मी थांबायला हवं होतं. मी कॅल्क्युलेटर काढला. रकमेच्या निम्म्यावर सवलत, माझा कर तीस टक्के, वर उपकर: एकूण वाचणार सहा हजार सत्तावीस रुपये चौऱ्याऐंशी पैसे.

मी औषधांच्या गोदामात साठ्याचा हिशेब ठेवतो, त्यामुळे यादी कशी करतात हे मला कोणी शिकवायला नको. फर्निचरवर वर्षाला दहा टक्के घसारा धरला. स्टील गंजत नाही, म्हणून स्टीलवर घसारा नाही.

“मिक्सर बंद आहे,” सुनंदा म्हणाली.

“बंद आहे, निकामी नाही. नऊशे.”

“आणि हा टोस्टर? ह्याला वायरच नाही.”

“वायर स्वतंत्र मिळते. दोनशे.”

वस्तू मध्येच बदलल्या जातील असा मला दाट संशय होता. (भरलेली खोकी गोदामातून निघतात आणि पोचतात तेव्हा हलकी झालेली असतात, हे मी सव्वीस वर्षं बघतोय.) म्हणून सुनंदाच्या नेलपॉलिशने मी प्रत्येक वस्तूच्या बुडाशी नंबर टाकले. सत्तेचाळीस नंबरला बाटली संपली. सुनंदा म्हणाली, बाटलीचे एकशे ऐंशी रुपयेही यादीत लिहा. तो टोमणा होता हे मला टेम्पोत बसल्यावर कळलं. तोवर मी लिहून टाकले होते.

होय, टेम्पोत मी स्वतः बसलो. ड्रायव्हरच्या शेजारी, पण मागच्या जाळीकडे तोंड करून. घाटकोपरच्या सिग्नलला तो चहासाठी थांबतो म्हणाला, तेव्हा मी उतरलो नाही. त्याने चहा आणून दिला, तोही मी सामानावरची नजर न काढता प्यायलो. अर्धा शर्टावर.

संस्थेत शीतलताई भेटल्या. तिशीच्या असतील. मी म्हटलं, एकसष्ट नग आहेत, मोजून घ्या आणि यादीच्या चारही पानांवर सही करा. त्यांनी शांतपणे मोजायला घेतलं. मोजता मोजता त्या भांडी उजेडात धरून काठांवरून बोट फिरवू लागल्या. हलकी भारी बघतायत, म्हणजे विकायचा विचार आहे, असं मी मनात नोंदवलं.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमचं आडनाव काय?”

“सावंत.”

“मग ह्यावर राणे आहे. ह्यावर लाड. ह्यावर म्हात्रे. आणि हा तांब्या कॅरम स्पर्धेतला द्वितीय क्रमांक आहे.”

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात भांडं द्यायचं तर देणारा त्यावर आपलं नाव कोरून देतो. घेणारा मग त्यातली निम्मी भांडी पुढच्या लग्नांत देऊन टाकतो. आमच्या नावाची भांडी आज मुलुंड पूर्वेत घरोघरी आहेत, आमचं घर सोडून. शीतलताईंनी समोर सत्तेचाळीस भांडी मांडली, त्यांत चौदा आडनावं निघाली, आणि सावंत फक्त तीनदा. वर प्रत्येकाच्या बुडाशी लाल रंगात गुप्त नंबर, आणि हा माणूस किमतीसकट सहीची पावती मागतोय.

त्या उठल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मला पाणी दिलं. नंतर अगदी गोड आवाजात विचारलं, तुमच्या ओळखीचं कोणी फोनवर मिळेल का?

मला संशय घ्यायची सवय आहे, घेतला जायची नाही. मी म्हटलं, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परब, मला वीस वर्षं ओळखतात, करा व्हिडिओ कॉल. परब लागला. त्याने मी किती सज्जन आहे ते भरभरून सांगितलं. जिन्यातला दिवा गेला की पहिली तक्रार माझी असते, हेही सांगितलं. शीतलताईंचा चेहरा सैल होऊ लागला. मी खूश होऊन मोबाइल भांड्यांवरून फिरवला.

“थांब, थांब, मागे घे,” परब म्हणाला. “सावंता, ती परात आमची आसा.”

नंबर एकोणीस, पितळी परात, दोन हजार आठशे. बघतो तर काठावर खरंच परबांच्या आईचं नाव. चार वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला सुनंदाने ती मागून आणली होती, आणि वर्षभर शेजारी राहिलेलं भांडं घरचंच वाटायला लागतं. परबवहिनी फोनवर आल्या. त्यांनी गॅलरीतून राणेंना हाक मारली. पाच मिनिटांत अख्खा दुसरा मजला त्या एका फोनसमोर गोळा झाला आणि मी एकेक भांडं वर धरू लागलो. राणेंचा इडलीपात्राचा टोप, लाडांच्या दोन पातेल्या, म्हात्रेंचा चिवड्याचा डबा. अकरा वस्तू गेल्या. तांब्यावर मात्र कोणीच हक्क सांगितला नाही.

मी यादीत अकरा नग खोडले, प्रत्येकासमोर सही केली, नवी बेरीज मांडली आणि म्हटलं, आता पन्नास नगांची सवलतीची पावती द्या.

शीतलताई म्हणाल्या, “वस्तू मिळाल्याची पावती देते. पण काका, वस्तूंच्या दानावर करात सवलत मिळतच नाही. फक्त पैशांच्या देणगीवर मिळते.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही आल्यापासून मला मोजायलाच लावलंय.”

मी पन्नास नगांकडे बघितलं. परत न्यायचं तोंड नव्हतं. ह्या बाईला मी सकाळपासून मनात चोर ठरवत होतो, आणि तिने मला चोर समजून दार लोटलं, तेव्हाही आधी पाणी दिलं होतं. मग मी पाकीट काढलं आणि अडीच हजार देतो म्हटलं. निदान त्यावर तरी सवलत मिळेल.

“यूपीआयने द्या ना,” त्या म्हणाल्या. “रोख नको. तुमच्याच फायद्याचं सांगते.”

माझ्याच फायद्याचं सांगणारा माणूस भेटला की मी सावध होतो. एवढा आग्रह कशासाठी? मी पाचशेच्या पाच नोटा टेबलावर मोजून ठेवल्या. त्यांनी आणखी एकदा सुचवलं. मी आणखी एकदा मोजल्या.

मांडीवर परात आणि परातीत दहा भांडी घेऊन मी रिक्षाने घरी आलो. टेम्पोवाल्याला अठराशे, रिक्षावाल्याला तीनशे साठ, संस्थेला अडीच हजार. सोमवारी ती पावती घेऊन अंधेरीला आमच्या सीएकडे गेलो. त्यांनी ती एकदाच वाचली आणि सांगितलं की, दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने दिली की सवलत शून्य. एवढं सांगण्याचे त्यांनी पाचशे घेतले, आणि त्याची पावती मागायची मला हिंमत झाली नाही.